३७ हजारांचा ‘आय ७’ घ्यावा की साडेचौऱ्याहत्तर हजारांचा ‘आय ५’?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी शाळेत शिकवते, आम्ही कराडला राहतो. मुलगा यंदा इंजिनिअरिंगला गेला. कॉलेज गावातच असल्यामुळे तो घरूनच जाऊन-येऊन करणार आहे. बारावी होईपर्यंत त्याने गेमिंग पीसीचं नाव काढलं नाही, म्हणून आता घेऊन द्यायचं आम्ही कबूल केलंय. सगळं मिळून ९० हजारांपर्यंत जाऊ शकतो. तो व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो. कॉलेजसाठी ऑटोकॅड वगैरेही लागेल.

दोन तयार पीसी समोर आहेत. पहिला ऑनलाइन, ३६,९९९ रुपये : ‘आय ७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११ प्रो, आरजीबी कॅबिनेट, १ वर्ष वॉरंटी’. दुसरा कोल्हापूरच्या एका दुकानात, ७४,५०० रुपये : ‘आय ५ १२४००एफ, एच६१० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई, आरटीएक्स ३०५०, ५५० वॅट एसएमपीएस, गेमिंग कॅबिनेट’. मॉनिटर दोन्हीत नाही. आय ७ इतका स्वस्त मिळत असताना आय ५ ला दुप्पट पैसे का द्यायचे, हे मला कळत नाही. मुलगा दुसराच हवा म्हणतो. माझा भाऊ म्हणतो, तयार पीसीत फसवतात, पार्ट आणून जोडून घ्या. कुणाचं ऐकू?

– एक आई, कराड

ताई, नमस्कार.

पहिला पीसी घेऊ नका. दुसरा घेण्याजोगा होऊ शकतो, पण आत्ता कागदावर जसा आहे तसा, त्या किमतीला नाही. भावाचं म्हणणं काही अंशी बरोबर आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी आय ७ चं बघू. इंटेल हे नाव २००८ सालापासून वापरतंय आणि त्या एका नावाखाली पिढ्यांमागून पिढ्या येऊन गेल्या. जाहिरातीत नुसतं ‘आय ७’ लिहिणं म्हणजे फ्लॅट विकताना ‘टू बीएचके’ एवढंच सांगून चटई क्षेत्र आणि इमारतीचं वय गाळणं. ग्राफिक्स कार्डासकट ३७ हजारांत बसणारा आय ७ बहुतेक वेळा २०११ चा २६००, २०१२ चा ३७७० नाहीतर २०१३ चा ४७७० असतो. ऑफिसांमधून मोडीत काढलेल्या मशीनमधला. त्यात चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग, असतात. २०२२ साली आलेल्या आय ३ १२१०० मध्येही चारच कोअर आहेत, तरी तो ‘आय ३’ गेममध्ये या जुन्या आय ७ ना सहज मागे टाकतो, कारण त्याचा एकेक कोअर तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त काम उरकतो. दुकानातला आय ५ १२४००एफ याच नव्या पिढीचा आहे आणि त्यात सहा कोअर आहेत. म्हणजे ज्याच्या नावापुढे लहान आकडा आहे, तोच इथे मोठा आहे. मुलाने बरोबर ओळखलं.

नुसता हळू असता तर एक वेळ चाललं असतं. पण मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. जुन्या मशीनवर पळवाट काढून विंडोज ११ चढवता येतं, आणि दुकानातून तसं चढवून दिलंही जातं. मशीन सुरू होतं, सगळं ठीक दिसतं. मग मुलगा व्हॅलोरंट टाकतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) सुरू असल्याशिवाय चालतच नाही. मग विंडोज १० वर जावं, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. ज्या खेळासाठी एवढा खर्च करायचा तोच पहिल्या संध्याकाळी अडकण्याची पूर्ण शक्यता आहे.

‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ या शब्दांवरूनही काहीच कळत नाही. जीबी म्हणजे कार्डावर मेमरी किती, एवढंच. कार्ड किती वेगाने चित्र काढतं ते त्यातल्या चिपवर ठरतं. २०१४ चं जीटी ७३० हे ४ जीबीत मिळतं आणि २०१९ चं जीटीएक्स १६५० सुद्धा ४ जीबीतच मिळतं. दोघांची तुलनाच होऊ शकत नाही. जीटी ७३० साठी एनव्हीडियाने २०२१ नंतर नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढणंही बंद केलंय. कार्ड जर १६५० असतं, तर विकणाऱ्याने ते नाव सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहिलं असतं.

जुने पार्ट विकण्यात गैर काही नाही. ऑफिसचा जुना टॉवर ‘जुना’ असं सांगून, त्याच्या लायकीच्या किमतीत कुणी विकला तर हिशेब ठेवण्यासाठी, ऑनलाइन वर्गासाठी तो चांगला चालतो. जुना माल चमचमत्या दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये घालून गेमिंग पीसी म्हणून विकणं मात्र मला मुळीच पटत नाही. त्याला बळी पडतात ते पहिल्यांदाच पीसी घेणारे, आणि त्यांचे पैसे बहुधा कष्टाने साठवलेले असतात.

यातूनच तयार पीसी पारखायची रीत कळते. जाहिरातीत जे छापलंय त्याच्याइतकंच जे छापलेलं नाही तेही वाचा. ज्या पार्टवर चांगला खर्च केलाय त्याचा पूर्ण मॉडेल नंबर विक्रेता आपणहून लिहितो, आणि जिथे हात आखडलाय तिथे नुसता आकडा लिहून मोकळा होतो. ही नजर घेऊन आता कोल्हापूरच्या यादीकडे बघू. प्रोसेसर पूर्ण लिहिलाय. कार्डाचं नाव आहे, पण किती जीबी ते नाही. रॅमचा आकडा आहे, पण पट्ट्या किती ते नाही. एसएमपीएसचे, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्याचे, नुसते वॅट आहेत, कंपनी नाही. बोर्डाचीही (ज्यावर सगळे पार्ट बसतात त्या मदरबोर्डाची) कंपनी नाही. तुमचे प्रश्न नेमके याच जागांवर हवेत.

सगळ्यात मोठा प्रश्न कार्डाचा. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत. २०२२ च्या जानेवारीत आलेलं ८ जीबीचं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आलेलं ६ जीबीचं. फरक फक्त मेमरीचा असेल असं वाटतं, पण तसं नाही. ८ जीबीच्या कार्डात २,५६० कोअर आहेत, ६ जीबीच्या कार्डात २,३०४. मेमरीकडे जाणारा रस्ता पहिल्यात १२८ बिटचा, दुसऱ्यात ९६ बिटचा. पहिलं १३० वॅट वीज घेतं, दुसरं ७० वॅट. साहजिकच ६ जीबीचं कार्ड खेळताना स्पष्टपणे मागे पडतं आणि स्वस्तही असतं. दुकानात ओळखायला सोपं आहे. काचेतून आत बघा. कार्डाला एसएमपीएसकडून वेगळी केबल आलेली असेल तर ते बहुधा ८ जीबीचं, काहीच केबल नसेल तर ६ जीबीचं.

आणि दोन्हींतलं चांगलं असलं तरी ७४,५०० च्या डब्यात ३०५० मला पटत नाही. गेमिंगसाठी घेतलेल्या पीसीत एकूण रकमेचा तिसरा हिस्सा, किंवा त्याहून थोडा जास्त, ग्राफिक्स कार्डावर खर्च झालेला दिसायला हवा. या किमतीत माझी अपेक्षा आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० किंवा एएमडीचं आरएक्स ७६०० यांपैकी एकाची आहे. ४०६० हे ३०५० च्या किमान दीडपट वेगाने चालतं आणि वीज मात्र ११५ वॅटच घेतं. व्हॅलोरंट फार हलका खेळ आहे, तो ३०५० वर उत्तम चालेल. जीटीए ५ सुद्धा चालेल. पण हा पीसी इंजिनिअरिंगची चारही वर्षं पुरायला हवा, आणि पुढचे खेळ हलके नसतील. (मुलगा ‘जीटीए ६ साठी हवाय’ म्हणाला, तर त्याला विचारा. त्या खेळाची घोषणा प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी झाली आहे, पीसीसाठी नाही. त्याच्या नावावर आज जास्तीचे पैसे घालू नका.)

आता एसएमपीएस. गिऱ्हाईक सहसा याबद्दल विचारतच नाही, म्हणून काटकसर इथे सगळ्यात सहज होते. ‘५५० वॅट’ हा आकडा डब्यावर कुणीही छापू शकतो. खरं तर तुमच्या पीसीला तेवढी वीज लागतच नाही. १२४००एफ पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जातो, कार्डाचे सव्वाशे-दीडशे धरा, बाकीचे पार्ट धरा, तरी आकडा ३५० च्या आतच राहतो. म्हणजे चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएससुद्धा पुरेल, आणि तो बिननावाच्या ६५० वॅटपेक्षा केव्हाही बरा. चांगला एसएमपीएस दाब वाढला किंवा शॉर्ट झालं की स्वतः बंद होतो. हलक्या एसएमपीएसमध्ये हे संरक्षण अपुरं असतं, आणि तो जळताना बोर्ड, कधी कार्डही सोबत घेऊन जातो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते-येते ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून कंपनी विचारा, मॉडेल विचारा, वीज कमी वाया जाते हे सांगणारं ८० प्लस ब्राँझ किंवा त्यावरचं मानांकन आहे का ते विचारा, आणि वॉरंटी किती वर्षांची ते विचारा. कॉर्सेअर, कूलर मास्टर, डीपकूल, एमएसआय, अँटेक यांचे एसएमपीएस आपल्याकडे सगळीकडे मिळतात. दुकानदार ‘चांगला लोकल आहे, काही होत नाही’ म्हणाला, तर फरकाचे पैसे देऊन बदलून घ्या. बाकी कशात तडजोड केलीत तरी चालेल, यात करू नका.

बाकीचं चटकन सांगतो. १६ जीबी रॅम एका पट्टीत न घेता ८ च्या दोन पट्ट्यांत मागा. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, आणि व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या खेळात ते जाणवतं. ५०० जीबीची एसएसडी (यादीतलं ‘एनव्हीएमई’) मला अपुरी वाटते. जीटीए ५ एकटाच १०० जीबीच्या आसपास जागा घेतो, त्यात ऑटोकॅड आणि कॉलेजची कामं आली. १ टीबीचा भाव विचारून बघा. बोर्ड एच६१० आहे, ते १२४००एफ ला पुरेसं आहे, फक्त नावाजलेल्या कंपनीचं असू द्या. पुढे याच बोर्डावर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून तेरावी-चौदावी पिढी बसते, त्यापुढची नाही. कॅबिनेटला पुढून हवा आत यायला जाळी हवी. पुढे अख्खी काच आणि आत रंगीत पंखे असले तर ते पंखे आतलीच गरम हवा फिरवत बसतात.

१२४००एफ मधल्या ‘एफ’ चा अर्थही जाणून घ्या. या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं की पडद्यावर काहीच दिसणार नाही, कॉलेजचं कामही बंद. ‘एफ’ नसलेला १२४०० थोडा महाग असतो, पण त्यात ही सोय असते. फरक दोन-अडीच हजारांच्या आत असला तर तुमच्या घरासाठी मी तोच सुचवीन, कारण हा पीसी अभ्यासाचाही आहे.

आता किमतीचा हिशेब. दुकानदाराकडून प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागवा. मग मुलाला एका संध्याकाळी बसवा. प्रत्येक पार्टचा त्या दिवशीचा भाव दोन-तीन मोठ्या ऑनलाइन दुकानांत बघायला सांगा आणि बेरीज करा. जुना भाव धरू नका. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅम झपाट्याने महागली, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. त्यामुळे गेल्या वर्षीच्या व्हिडिओतले आकडे आज उपयोगाचे नाहीत. दुकानाची किंमत या बेरजेपेक्षा पाच-सात टक्क्यांनी जास्त असली तर ती रास्त समजा. दहा टक्क्यांपर्यंत असेल तर त्या बदल्यात काय मिळतं ते विचारा. त्यापुढे गेली तर घासाघीस करा नाहीतर सोडून द्या. एक गोष्ट आधीच विचारून घ्या : ७४,५०० ही किंमत जीएसटी धरून आहे ना? पीसीवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वरून लागणार असेल तर १३,४१० रुपये वाढतील आणि आकडा ८७,९१० वर जाईल. तुमचे ९० हजार तिथेच संपतील.

भावाच्या म्हणण्यात खरं एवढंच, की पार्ट आपण निवडले तर कुठे काटकसर झाली ते आपल्याला माहीत असतं. पण जोडणाऱ्याची मेहनत फुकट नसते. पार्ट एकमेकांना जुळतात का ते बघणं, बायोस अपडेट करणं, विंडोज टाकणं, मशीन काही तास पूर्ण भारावर चालवून तापमान बघणं, आणि सहा महिन्यांनी बंद पडलं तर ‘माझ्याकडे आणा’ म्हणणं, या सगळ्याला किंमत आहे आणि ती द्यायला हरकत नाही. सुटे पार्ट चार दुकानांतून घेतले आणि पीसी सुरूच झाला नाही, तर दोष कुठल्या पार्टचा हे तुम्हाला शोधावं लागतं. भावाने स्वतः आधी पीसी जोडले असतील आणि पुढेही तो हाताशी असेल तर खुशाल तसं करा. नुसतं ऐकून सांगत असेल, तर तुमच्यासाठी कोल्हापूरचं दुकान बरं. तास-दीड तासाच्या अंतरावर आहे, मशीन गाडीत घालून नेता येईल. शिवाय रॅमचा भाव चढलेला असताना ज्या दुकानदाराकडे जुन्या भावाचा साठा आहे, त्याचा तयार पीसी सुट्या पार्टपेक्षा स्वस्तही पडू शकतो. तो तसा पडतो की नाही, ते वरच्या बेरजेतून कळेलच.

वॉरंटीबद्दल ‘१ वर्ष दुकानाची’ एवढ्यावर थांबू नका. डबाबंद प्रोसेसरला इंटेलची ३ वर्षांची वॉरंटी असते. बोर्ड आणि कार्डालाही साधारण तेवढीच कंपनीची वॉरंटी मिळते. ती तुमच्यापर्यंत पोचायला बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर हवा आणि पार्टचे रिकामे खोके तुमच्या ताब्यात हवेत. प्रोसेसरचा खोका दुकानदाराकडे नसेल तर तो सुटा, म्हणजे ‘ट्रे’ चा असू शकतो. त्याची वॉरंटी इंटेल थेट तुम्हाला देत नाही, विकणाऱ्यानेच द्यायची असते. कॅबिनेटवर ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ असं स्टिकर असेल तर पुढे रॅम किंवा एसएसडी वाढवताना काय करायचं, तेही बिल होण्याआधी ठरवून घ्या.

मशीनचे ७४,५०० गेले तर हातात १५,५०० उरतात. त्यात मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि यूपीएस बसवायचे आहेत. ओढाताण होईल, पण जमेल. घरातला जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर लावू नका. व्हॅलोरंटमध्ये पीसी सेकंदाला दोनशे चित्रं काढेल आणि पडदा त्यातली साठच दाखवेल. २४ इंची, फुल एचडी, १४४ हर्ट्झ किंवा जास्तीचा मॉनिटर घ्या. यूपीएस घेताना दुकानात पहिल्यांदा ६०० व्हीए क्षमतेचा पुढे करतात. तो साधारण ३६० वॅटपर्यंतच भार घेतो. खेळ ऐन रंगात असताना वीज गेली तर पीसी आणि मॉनिटर मिळून त्याच्या मर्यादेजवळ जातात. १००० ते ११०० व्हीएचा घ्या. आणि ज्या सॉकेटवर पीसी लागणार आहे त्याचं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

पैसे द्यायला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या आणि मशीन तिथेच सुरू करायला सांगा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅमचा वेग, भरलेले स्लॉट आणि कार्डाचं नाव दिसतं. जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्रॅम चालवला की कार्ड खरं ३०५० आहे की दुसरं, मेमरी किती, किती बिटची, हे सगळं कळतं. क्रिस्टलडिस्कइन्फो एसएसडी आधी किती तास चाललीय ते सांगतो. नव्या एसएसडीवर फार तर थोडेच तास दिसायला हवेत. विंडोजचं लायसन्स कुठलं दिलंय तेही विचारा आणि बिलावर लिहून घ्या. हे करताना संकोच करू नका. चांगला दुकानदार अशा गिऱ्हाइकावर खूश होतो, कारण त्याने चांगला माल घातलेला असतो आणि तो बघणारं माणूस क्वचित भेटतं.

आज दुकानदाराला एवढंच लिहा : ‘कार्ड ३०५० ऐवजी ४०६०, ५०६० किंवा आरएक्स ७६०० घातलं, रॅम ८ च्या दोन पट्ट्या, एसएसडी १ टीबी आणि एसएमपीएस ८० प्लस ब्राँझ घेतला, तर जीएसटी धरून शेवटची किंमत किती? प्रत्येक पार्टचा मॉडेल नंबर लिहून द्या.’ उत्तर ७५ ते ७८ हजारांच्या आत आलं आणि मुलाच्या बेरजेशी जुळलं, तर घेऊन टाका. ८० च्या वर गेलं, तर एसएसडी ५०० वरच ठेवा, ती पुढे सहज वाढवता येते. कार्ड आणि एसएमपीएस मात्र कमी करू नका. यादी आली की मला पाठवा. बिल होण्याआधी मी एकदा नजर घालीन.